पीसीओडी आणि वाढलेलं वजन: भात न सोडता काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 27, लग्नाला तीन वर्षं झाली, खानापूर तालुक्यात राहते. उंची 154 सेंटिमीटर, वजन 78 किलो. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर केस येतात, मान काळी पडली आहे. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी आहेत म्हणाले. एका ठिकाणी दाखवलं तर 'आधी वजन कमी कर, मग ये' एवढंच सांगून परत पाठवलं. गेल्या वर्षी भात-भाकरी सगळं बंद करून सहा किलो उतरवले, चार महिन्यांत आठ किलो चढले. आता काय खाऊ, काय सोडू? आणि मला मूल होईल ना?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो डोक्यात असला की बाकीचं काही वाचवत नाही. हो, मूल होण्याची शक्यता चांगली आहे. तुमचा त्रास पीसीओडीचा दिसतो, म्हणजे हार्मोन बिघडल्याने अंडाशयातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा आजार. तो असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. काहींना आपोआप राहतं, काहींना गोळ्यांची मदत लागते. बेळगावात गेली बावीस वर्षं मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारखंच लिहिलेलं किंवा रडत सांगितलेलं ऐकलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. दर दहा जणींमागे साधारण एकीला हा त्रास असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तो आहे हे कळतसुद्धा नाही.

आता त्या 'गाठीं'बद्दल. त्या गाठी नाहीत. दर महिन्याला अंडाशयात छोट्या पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर पडतं. तुमच्या बाबतीत त्या अर्ध्या वाटेवर थांबतात आणि तशाच राहतात. सोनोग्राफीत मण्यांसारखे दिसतात ते हेच, दोन ते नऊ मिलिमीटरचे. त्या कापून काढायच्या नसतात, त्यांचा कॅन्सर होत नसतो. 'गाठ' हा शब्द ऐकून घरचे घाबरतात आणि सासूबाई ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळव करू लागतात, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं. शिवाय नुसत्या सोनोग्राफीवरून हा आजार ठरत नाही. पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफी, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. 2003 सालापासून जगभर हेच निकष वापरले जातात. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासून ते कारण नाही ना, हेही पाहावं लागतं. तुमच्या पत्रात या दोन तपासण्यांचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर करून घ्या.

मान काळी पडली आहे, हे तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत. माझ्यासाठी ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. ही काळी, मखमलीसारखी जाड कातडी घासून जात नाही. कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत ज्यांची मान आईने दगडाने घासून लाल केली होती. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे.

इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर स्नायूंपर्यंत पोचवणारं हार्मोन. त्याचं काम असं समजा. घरात एका हाकेला कुणी ओ देत नसेल तर आवाज चढवावा लागतो. तुमचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त बनवतं, मोठ्याने हाका मारतं. पण अंडाशयाचे कान शाबूत असतात. त्याला तो मोठा आवाज नको तितका ऐकू येतो आणि ते पुरुषी हार्मोन जास्त तयार करू लागतं. त्याच वेळी, त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. म्हणून हनुवटीवर केस, म्हणून मुरुम, म्हणून बीज अडतं आणि पाळी लांबते. वजन वाढलं की हे सगळं आणखी जोर धरतं, आणि हे जोरात असलं की वजन उतरवणं आणखी अवघड होतं.

म्हणून ताई, "खात नाही ओ मी काही, तरी वजन वाढायलंय," असं कुणी माझ्यासमोर बसून म्हणतं तेव्हा मी तिला खोटं ठरवत नाही. आळस, जिभेचे चोचले, असं काहीबाही तुम्हाला ऐकवलं गेलं असणार. तुमच्या आईला किंवा मावशीला साखर आहे का, पाळीचा त्रास होता का, विचारून पाहा. या आजारात घराण्याचा वाटा मोठा असतो. हा तुमचा गुन्हा नाही.

पण उपाय मात्र बराचसा तुमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान आहे. 78 चे 55 किलो करायचे नाहीयेत. आहे त्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे चार किलो उतरले तरी अनेक जणींची पाळी जवळ येऊ लागते. सात-आठ किलोंपर्यंत गेलात तर उत्तमच. ते सहा महिन्यांत उतरले तरी चालतील. गेल्या वर्षी तुम्ही सहा किलो उतरवले होते, म्हणजे काम जमलं होतं! चूक झाली ती पद्धतीत. भात-भाकरी एकदम बंद केल्यावर शरीर भूक वाढवतं, खर्च कमी करतं आणि गेलेलं परत मिळवतं. जे जेवण दहा वर्षं जेवता येणार नाही, ते दहा दिवससुद्धा सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, भात सोडू नका. आपल्या भागात, जिथे शिवारात इंद्रायणी डोलते आणि रेशनलाही तांदूळच मिळतो, तिथे बाईला 'भात बंद' म्हणून सांगणं म्हणजे तिला घरच्या पंगतीतून उठवणं आहे. भात मोजा.

माझ्या टेबलावर एक स्टीलचं ताट, दोन वाट्या आणि चिरमुऱ्यांचा डबा असतो. चिरमुरे म्हणजे भात समजायचे आणि रोज जेवता तसं वाढून दाखवायचं. मागच्या महिन्यात येळ्ळूरकडची एक मुलगी आली होती. तिने आधी नवऱ्याचं ताट वाढलं, मग मुलांचं, मग सासऱ्यांचं. मी म्हटलं, "तुझं?" तर तिने डब्यात उरलेले सगळे चिरमुरे स्वतःच्या ताटात ओतले. "भांड्यातलं टाकायचं कसं?" वाटीने मोजले तर साडेचार वाट्या झाले. आमटी पाणीदार, भाजी संपलेली, म्हणून भातावर लोणचं. तिला भूक जास्त नव्हती. सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं तिच्या वाट्याला येत होतं, आणि उरतो तो नेहमी भात. ज्या घरात बाई शेवटी जेवते, तिथे भाजी-उसळ तिच्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या बायकांच्या वजनाचं हे एक मोठं कारण आहे, आणि कुठल्याही डाएटच्या कागदावर ते लिहिलेलं नसतं.

मी तिला एवढंच सांगितलं: वाढायला घेण्याआधी स्वतःच्या भाजीची आणि उसळीची वाटी काढून बाजूला झाकून ठेवायची. तांदूळ रोजच्यापेक्षा एक मूठ कमी शिजवायचे. शक्य तर सगळ्यांबरोबर बसायचं.

तुमच्या ताटातही हेच करायचं. निम्मं ताट भाजी आणि कच्चं काहीतरी: काकडी, मुळा, गाजर, कांदा, कोबीची कोशिंबीर. पाव ताट घट्ट वरण, उसळ, अंडं किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही हवंच असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. ज्वारीची भाकरी चांगली, नाचणीची चांगली. पण भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर हिशेब पुन्हा तिथेच येतो. जेवताना भाजी आणि उसळ आधी खा, भात शेवटी. एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतर साखर कमी चढते आणि पोट लवकर भरतं.

उसळीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे ती फार चांगली मिळते. बेळगावच्या काळ्या शिवारातला मसूर, मूग, मटकी, चवळी, हुलगे. यातलं काहीतरी एक वाटीभर घट्ट, दोन्ही वेळच्या जेवणात हवंच. पातळ कटाने प्रथिनं मिळत नाहीत, डाळ खाली भांड्यात राहते. सकाळी नुसते पोहे किंवा उप्पीट खात असाल तर त्यात मोडाचे मूग, मूठभर शेंगदाणे घाला, किंवा जोडीला दोन उकडलेली अंडी घ्या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. सकाळी पोटात प्रथिनं गेली की अकरा वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही.

चहा. दिवसात पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून जाते. एकदम बंद करू नका, चिडचिड होईल आणि दोष माझ्यावर येईल! या आठवड्यात दीड चमचा, पुढच्या आठवड्यात एक, मग अर्धा. आणि कप पाचावरून तिनावर. आणि इथे नेहमी येणारा प्रश्न: "गूळ चालतो ना डॉक्टर? आमच्या गुऱ्हाळाचा आहे, केमिकल नसतंय." ऊस आपला, गूळ आपला, पण शरीरात गेल्यावर गूळ ही साखरच आहे. मधही तसाच. कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळत नाही.

उपवासाचं नीट पाहा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यात दहा-बारा दिवस साबुदाणा पोटात जातो, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. उपवास मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवशी वरीचा भात थोडा आणि शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, काकडी, एखादं उकडलेलं रताळं, असं घ्या. सणाला कुंदा खा, यात्रेला मटण खा, गणपतीत मोदक खा. जेवणाबरोबर दोन मोदक खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर आलात तर काहीही बिघडत नाही. बिघडतं ते डब्यात उरलेले लाडू पुढचे पंधरा दिवस येता-जाता तोंडात टाकल्याने. तेलाचा हिशेब घरासाठी एकच: माणशी महिन्याला अर्धा लिटर. महिन्याच्या सुरुवातीला मोजून डब्यात ओतून ठेवा.

कीटो (भात-भाकरी जवळपास बंद आणि तूप-तेलावर भर), नुसती फळं, एकच वेळ जेवणं याबद्दल विचाराल. आजवरच्या अभ्यासांत पीसीओडीसाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. 2023 साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात: जो आहार त्या बाईला परवडतो, आवडतो आणि टिकतो, तोच तिच्यासाठी योग्य.

आता चालणं. "घरचं काम करते की दिवसभर," हे मला मान्य आहे, आणि ते काम आहेच. पण स्नायूंनी इन्सुलिनची हाक ऐकायला हवी असेल तर श्वास थोडा फुलायला लागतो. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगाने चाला. तब्येत राखायला आठवड्याला 150 मिनिटं पुरतात. वजन उतरवायचं असेल तर 250 मिनिटांपर्यंत जावं लागतं, म्हणजे सहा दिवस रोज 40 मिनिटांपेक्षा थोडं जास्त. तुम्ही सुरुवात त्याने करू नका. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला, बस. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर थेट ओढून घेतात, इन्सुलिनला फार ओरडावं लागत नाही. सरकारी बस बायकांना मोफत झाल्यापासून घराबाहेर पडणाऱ्या बायका वाढल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त एक स्टॉप आधी उतरा. टिळकवाडीत राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस बाहेर पाऊल टाकू देत नाही, तेव्हा पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारा. गावात एकटी बाई चालायला लागली की लोक विचारतात, कुठे निघालीस म्हणून. नणंदेला, शेजारणीला बरोबर घ्या.

चालण्याइतकाच ताकदीचा व्यायाम महत्त्वाचा आहे आणि तो सगळ्या विसरतात. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलणं दहा वेळा. असे तीन फेरे. पंधरा मिनिटांत होतं, साडीवरही होतं.

निपाणीकडची एक बाई माझ्याकडे येते. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, सहा-सात तास जागेवरून हलत नाही. तिला फिरायला जा सांगणं म्हणजे मजुरी बुडव सांगणं झालं असतं. आम्ही ठरवलं, विड्यांची एक जुडी बांधून झाली की उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं, पाच उठाबशा आणि परत सुपाशी. चहातली साखर कमी केली, भात मोजला. आठ महिन्यांत पाच किलो उतरले. त्याआधीच, चौथ्या महिन्यापासून तिची पाळी 35-40 दिवसांवर आली होती. काट्यावर तेव्हा जेमतेम दोन किलोंचा फरक होता. म्हणून मी सांगते, वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याहून जास्त काट्यावर चढू नका. पाळीची तारीख वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्या बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या वर ती गेली की धोका वाढतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 33 च्या जवळ येतो. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या पोटावरची चरबी कमी वजनातही नुकसान करते.

झोप हाही औषधाचाच भाग आहे. रात्री साडेदहाला जेवण, बारापर्यंत मोबाईल, पहाटे पाचला पाणी भरायला उठायचं, अशा झोपेत भूक वाढवणारे हार्मोन वाढतात. सात तास काढा. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकून जाग येत असेल किंवा दिवसा पेंग येत असेल तर मला सांगा, त्याची वेगळी तपासणी असते.

आणि मन. या आजारात उदासी आणि चिंता जास्त दिसते, आणि त्यात 'अजून काही नाही का?' हा प्रश्न प्रत्येक हळदीकुंकवाला. जेवण नकोसं होणं किंवा चोरून खूप खाणं, झोप उडणं, जगण्यात रस न वाटणं असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

औषधांचं थोडक्यात. मेटफॉर्मिन इन्सुलिनची अडचण कमी करतं. ते जेवणाबरोबर, थोड्या मात्रेपासून सुरू करतात, नाहीतर मळमळ आणि जुलाब होतात. बरीच वर्षं घेतल्यास रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासावं लागतं. मूल हवं असेल आणि बीज पडत नसेल तर लेट्रोझोल ही आमची पहिली गोळी. पण ती सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालीच पाहिजे. तीन-तीन वर्षं बायको गोळ्या घेते आणि नवऱ्याची साधी तपासणी झालेली नसते, हे मी आजही पाहते आणि मला त्याचा राग येतो. वजनाच्या इंजेक्शनांची जाहिरात पाहिली असेल. मूल हवं असताना ती घ्यायची नाहीत. त्यातलं सेमाग्लुटाईड घेत असाल तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. दालचिनी, मेथी स्वयंपाकात जरूर वापरा, पण नाव-गाव नसलेल्या पुड्या घेऊ नका.

एक गोष्ट मात्र थांबून करायची नाही. 90 दिवस पाळी आली नाही तर आधी घरी गरोदरपणाची चाचणी करा आणि मग दाखवायला या. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने वाढत राहणं चांगलं नाही; वर्षानुवर्षं असं राहिलं तर त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. केस अचानक झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, किंवा पाळी आल्यावर तासाला पॅड बदलावं लागलं, तर वेळ न घालवता या.

पुढच्या भेटीला सकाळी उपाशीपोटी या. 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहू, नुसती उपाशीपोटीची साखर तुमच्या बाबतीत पुरेशी नाही. दिवस राहण्याआधी फोलिक अ‍ॅसिड सुरू करायचं आहे, त्याची मात्रा तुमच्या वजनानुसार ठरवू. जुने रिपोर्ट आणि पाळीच्या तारखांची वही आणा. नवऱ्याला बरोबर आणा आणि जमलं तर सासूबाईंनाही. स्वयंपाक त्यांच्या हातचा असेल तर भाताचं माप मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.